जगलेल्या पिल्लांचा हिशेब

दसरा उलटला, खळ्यावर बाजरी आणि भात येऊ लागला, की खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायला चांगले दिवस आले असे जाणत्या बाया समजतात. या समजाला भक्कम आधार आहे. अंड्यातला गर्भ साधारण 20 अंश सेल्सिअसच्या खाली सुप्त राहतो आणि त्याहून ऊब वाढली की हळूहळू हलू लागतो. वैशाखात विदर्भ-मराठवाड्यात पारा 40च्या वर असताना घरात आठवडाभर साठवलेल्या अंड्यात कोंबडी बसण्याआधीच अर्धवट वाढ सुरू होते. ती नीट पुढे जात नाही आणि थांबतही नाही, त्यामुळे गर्भ आतच मरतो. पावसाळ्यात ओल आणि रक्ती हगवण पाठ सोडत नाही. हिवाळ्यात मात्र घराच्या गार कोपऱ्यात, धान्याच्या टोपलीत टोकदार बाजू खाली करून ठेवलेली अंडी आठवडाभर चांगली टिकतात. खळ्यावर सांडलेले दाणे असतात, गवतात किडे असतात, त्यामुळे नव्या पिल्लांचे पोट फारसे काही विकत न आणता भरते. शेळ्यांचेही बरेचसे असेच आहे. पावसाच्या तोंडावर हिरवा पाला मिळाला की त्या माजावर येतात आणि पाच महिन्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, व्यातात. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात गार रात्री ज्या महिन्यांत येतात, त्याच महिन्यांत परसात सगळ्यात जास्त कोवळे जीव असतात. या पुस्तकाचा विषय या एका अडचणीत सामावलेला आहे.

घरगुती कोंबड्या, शेळ्या-मेंढ्या, बदके यांवर मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन जात कोणती, मशीन कोणते, अनुदान किती आणि नफा किती या चार प्रश्नांभोवती फिरते. त्या सगळ्याच्या आधी एक प्रश्न येतो, आणि तो विचारल्याशिवाय बाकीच्यांची उत्तरे हाती लागत नाहीत: जन्मलेल्यांपैकी किती जगले? बारा अंड्यांतून दहा पिल्ले निघाली आणि त्यांतल्या तीनच तलंगा झाल्या, तर अंडी उबवण्याचे प्रमाण उत्तम असूनही घर तोट्यात राहते. बारांतून सातच निघाली आणि सहा जगली, तर तेच घर दुप्पट पुढे जाते. घरगुती पालनाचे यश जन्माच्या संख्येवर कमी आणि पहिल्या पाच-सहा आठवड्यांच्या जगण्यावर जास्त ठरते, आणि हिवाळा ही गोष्ट जितकी उघडी पाडतो तितकी दुसरा कोणताही ऋतू पाडत नाही, असे माझे म्हणणे आहे. हे पुस्तक त्याच अंगाने वाचावे, अशी विनंती आहे.

अंड्यापासून सुरुवात करू. कोंबडीचे अंडे 21 दिवसांत उबते, बदकाचे आणि टर्कीचे 28 दिवसांत, लावीचे 17-18 दिवसांत. पंखा असलेल्या उबवणी मशीनमध्ये तापमान 37.5 ते 37.8 अंश ठेवावे लागते. पहिले 18 दिवस आर्द्रता पन्नास-साठ टक्के आणि शेवटचे तीन दिवस त्याहून बरीच जास्त. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेकदा फिरवायची, पुढे हात लावायचा नाही. खुडूक कोंबडी यातला एकही आकडा न जाणता हे सगळे करते. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली तर जिवंत अंड्यात एक गडद ठिपका आणि त्यापासून पसरलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. पोचट अंडे सरसकट पिवळट उजळते. मध्येच मेलेल्या गर्भाभोवती रक्ताचे कडे उरते. तीन प्रकारची अंडी, तीन वेगळी कारणे. पोचट अंडे बहुधा कोंबड्याकडे बोट दाखवते, तर रक्ताचे कडे साठवणीतली किंवा उबेतली चूक सांगते. शेवटच्या टप्प्यात पिल्लू आधी आतला पडदा फोडून अंड्याच्या रुंद टोकातल्या हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेते, मग कवचाला टोचा मारते, आणि त्यानंतर कित्येक तास गप्प पडून राहते. पाहणाऱ्याला वाटते ते अडकले. खरे तर त्या वेळात उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जात असतो आणि पडद्यातले रक्त अंगात परतत असते. घाईने कवच सोलणारा हात अशी कित्येक पिल्ले मारतो.

पोटात ओढलेल्या या बलकावर पिल्लू दोन दिवस, कधी तीनही दिवस, दाण्यापाण्यावाचून तग धरते. एक दिवसाची पिल्ले खोक्यात भरून दूरच्या गावी पाठवता येतात ती यामुळेच. पण ऊब त्याला स्वतःला निर्माण करता येत नाही. पिसे फुटेपर्यंत, म्हणजे निदान दोन-तीन आठवडे, त्याच्या शरीराचे तापमान बाहेरच्या उबेवर अवलंबून असते. म्हणून पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी, अशी पद्धत रूढ झाली. थर्मामीटर जवळ नसला तरी पिल्लेच सगळे सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर त्यांना गारठा लागतो आहे. चोची उघड्या टाकून कडेला पळाली असतील तर उष्णता जास्त झाली. एकाच बाजूला दाटली असतील तर दुसरीकडून झोत येतो आहे. सगळीकडे सारखी विखुरलेली, काही टिपणारी, काही पाय पसरून झोपलेली असतील, तर ऊब बरोबर आहे. करडाची गोष्ट वेगळी दिसते, पण आतून तीच आहे. शेळीच्या पोटात असताना करडाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती सगळी चिकातून येतात, आणि आतड्यांची ती शोषून घेण्याची क्षमता दिवसाभरात संपते. मार्गशीर्षातल्या पहाटे ओले जन्मलेले करडू गारठले की उभे राहत नाही, उभे राहिले नाही की आचळ शोधत नाही, आणि चीक चुकला की पंधरा दिवसांनी हगवणीने मेलेल्या करडाचे खरे कारण त्या पहिल्या पहाटेतच असते.

थंडीचे म्हटले की आपल्याला पारा आठवतो. निफाडला किमान तापमान एक आकडी झाले की वर्तमानपत्रांत बातमी येते. पण दख्खनच्या हिवाळ्याची खरी खोच दिवस-रात्रीच्या फरकात आहे. दुपारी तिशीच्या आसपास असलेला पारा पहाटेपर्यंत पंधरा-वीस अंशांनी उतरतो, आणि पिल्लाला एका दिवसात दोन ऋतू सोसावे लागतात. कोकणात हा फरक कमी असतो, म्हणून तिथले सल्ले घाटावर जसेच्या तसे चालत नाहीत. गारठ्याच्या धास्तीने लोक खुराड्याच्या सगळ्या फटी पोत्यांनी बुजवतात आणि आत शेगडी ठेवतात. सर्वांत जास्त नुकसान इथे होते. ओल्या तुसातून आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया जमिनीलगत साठतो. आपण उभे असताना नाकाला जो वास जरा उग्र वाटतो, तो पिल्लाच्या उंचीवर डोळे आणि श्वासनलिका जाळणारा असतो. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर वासही न येता मारतो. खाली झोत नको, वर मात्र हवा खेळती हवी, आणि अंथरूण कोरडे हवे. कोरडे पिल्लू बरीच थंडी सोसते, ओले पिल्लू थोडीही सोसत नाही.

या विद्येचा इतिहास मोठा आहे, आणि त्यात आपला भाग कमी नाही. जगभरातल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात असे दिसले, की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले आहे, आणि हा पक्षी भारतीय द्वीपकल्पाचा, आपल्या सह्याद्रीच्या झाडीत आजही आरवणारा. कृत्रिम उबवणीचे श्रेय मात्र इजिप्तला जाते. मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवणारे तिथले कारागीर हाताच्या, डोळ्याच्या अंदाजाने ऊब राखत. अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने त्यावर पुस्तक लिहिले आणि युरोपात ते साधण्याची धडपड केली. पुढे 1880च्या दशकात इंग्लंडमध्ये हर्सन याने ऊब आपोआप राखणारी युक्ती मशीनला जोडली, आणि तिथून उबवणी हे कारागिराचे काम न राहता कारखान्याचे झाले. मशीनने पिल्ले काढण्याचा प्रश्न सोडवला, ती जगवण्याचा मात्र वेगळा काढून ठेवला. कोंबडी ही दोन्ही कामे एकाच अंगाने करत होती. आजच्या घरगुती पालनातले निम्मे घोटाळे या फारकतीतून आलेले आहेत.

भारतात ही फारकत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली. व्हाइट लेगहॉर्न आली, सरकारी उबवणी केंद्रे उभी राहिली. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली, 1982 मध्ये अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती आली, आणि पुणे या उद्योगाचे मोठे केंद्र बनले. या मार्गाने अंडी सामान्य माणसाला परवडू लागली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणारी कोंबडी तयार करताना निवड करणाऱ्यांनी तिचा खुडूकपणा जाणीवपूर्वक घालवला. खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते, आणि कारखान्याला ते चालत नाही. पुढे परसासाठी म्हणून सुधारित जाती आल्या: बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा आणि ग्रामप्रिया. त्यांनी वजन आणि अंडी वाढवली, पण त्याही फारशा खुडूक बसत नाहीत. परिणामी त्या पाळणारे घर दर खेपेला पिल्लांसाठी बाहेर अवलंबून राहते. सरकारी योजनांनी यावर जो तोडगा काढला तो फार बोलका आहे. एक दिवसाची पिल्ले थेट कुटुंबांना न देता ती चार आठवडे सांभाळणारी मातृ केंद्रे उभारायची आणि मग वाटप करायचे. पहिल्या महिनाभराचे जगणे हीच खरी खिंड आहे, हे धोरणकर्त्यांनाही अनुभवाने कबूल करावे लागले, असाच याचा अर्थ होतो.

दुसरा विचारप्रवाह देशी जाती आणि बायांचे ज्ञान जपण्याचा आग्रह धरतो. असील, कडकनाथ, उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळी, दख्खनी मेंढी: या जाती इथल्या हवेत, इथल्या चाऱ्यावर घडलेल्या आहेत. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा एवढा बोलबाला झाला, की शहाण्या माणसाने तेव्हाच सावध व्हावे. जातीच्या नावाने पिल्लांचा भाव चढतो, पण त्या पिल्लाला लागणारी ऊब आणि लस काही बदलत नाही. तिसरा मार्ग फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा. तिथे बंगालच्या गारोल मेंढीतले जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून सुवर्णा हा वाण तयार केला गेला. माझ्या मते भारतातल्या लहान जनावरांच्या पैदाशीतले हे फार मोलाचे काम आहे. जन्माची संख्या वाढवली की आईच्या दुधाची, तिच्या खुराकाची आणि पहिल्या आठवड्यातल्या देखरेखीची तरतूदही वाढवावी लागते, हे अशा कामात जितके स्पष्ट दिसते तितके जाहिरातींत कधी दिसत नाही. जुळ्यांतले दुबळे कोकरू मागे राहिले, तर जनुकाने दिलेले गोठ्याने घालवले असे होते.

रोगाचा विचार न करता जगण्याची गोष्ट करता येत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, भारतात पहिल्यांदा 1920च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊँतल्या राणीखेतला ओळखला गेला आणि तेच नाव त्याला पडले. त्यावरची आर-टू-बी लस 1940च्या दशकात आपल्याच देशात तयार झाली; पिल्लांसाठी पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकायची लासोटा लस आहे. लस असून आजही या रोगाने वाड्या-वस्त्यांवरची खुराडी रिकामी होतात, ती का? लसीची बाटली निदान शंभर मात्रांची असते, एकदा पातळ केली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर ती बर्फात हवी. दहा कोंबड्यांच्या घराने ती आणायची कशी? या प्रश्नाचे उत्तर पशुवैद्यकापेक्षा गावाच्या संघटनेत आहे. दहा-बारा घरांनी पिल्ले एकाच आठवड्यात काढायची, लस एकाच सकाळी द्यायची. हिवाळ्याचा ठरलेला हंगाम इथे मोठा उपयोगी पडतो, कारण सगळ्यांच्या कोंबड्या साधारण एकाच वेळी बसवलेल्या असतात.

आता आक्षेप. दुकानात अंडे स्वस्त मिळत असताना एवढी उस्तवार कशाला, हा पहिला. आक्षेप खरा आहे आणि अंड्यापुरता त्याला उत्तर नाही. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, कारखान्याशी तिची बरोबरी होणार नाही. पण घरच्या कोंबडीचे अंडे खाण्यापेक्षा पिल्लू करण्यात जास्त मोलाचे ठरते. सांडलेले दाणे, किडे, खरकटे यांवर वाढलेला देशी कोंबडा बाजारात चढ्या भावाने जातो, शेळीचा बोकड तर अडीअडचणीला उभा राहतो, आणि खेड्यातल्या बऱ्याच घरांत हा पैसा बाईच्या हातात राहतो. 2019च्या पशुगणनेत देशातल्या 85 कोटींवर कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे 31.7 कोटी परसातले होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या जवळपास 46 टक्क्यांनी वाढली होती. मोडीत निघालेल्या गोष्टीचे आकडे असे वाढत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बर्ड फ्लू. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्या नवापूरला झाला. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा आढळला. दोन्ही वेळा हिवाळाच होता, कारण स्थलांतरित पक्षी त्याच दिवसांत येतात. उबवणीचा हंगाम आणि या रोगाचा हंगाम एकच आहे, हे झाकून ठेवता येणार नाही. मोकाट कोंबड्या पाणथळ जागी जाऊ न देणे, बदके आणि कोंबड्या वेगळ्या ठेवणे, बाजारातून आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे बाजूला ठेवणे, एकदम पक्षी मरू लागले तर ते न लपवता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे, एवढे तरी घरगुती पालकाने करायलाच हवे. जे घर एवढी शिस्त पाळू शकत नाही त्याने कळप वाढवू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मशीनची बाजू घेणारे तिसरा आक्षेप घेतात: कोंबडी एका वेळी दहा-बाराच अंडी उबवते, आणि पिल्ले सांभाळताना ती दीड महिना अंडी देत नाही. पन्नास-शंभर अंड्यांचे छोटे मशीन आता सहज मिळते. मिळते खरे, पण रात्री वीज गेली तर कोंबडी थंड पडत नाही, मशीन पडते. आणि मशीनमधून निघालेल्या पन्नास पिल्लांना दुसऱ्या दिवसापासून कृत्रिम आई लागते. ज्याच्याकडे उबेची, कोरड्या तुसाची, पहाटे चार वाजता उठून पिल्ले पाहण्याची तयारी आहे त्याने मशीन जरूर घ्यावे. मला स्वतःला मधला मार्ग अधिक पटतो. अंडी खुडूक कोंबडीखालीच ठेवायची, पिल्ले दोन-तीन आठवडे तिच्याजवळ राहू द्यायची, आणि मग ती डालग्याखाली वेगळी करून तिथेच भरडा द्यायचा. डालग्याच्या फटीतून पिल्ले आत-बाहेर करतात, मोठ्या कोंबड्यांना दाणा मिळत नाही, घारीपासून आडोसा मिळतो, आणि आई लवकर पुन्हा अंड्यावर येते. बांगलादेशात अशा पद्धतीवर पुष्कळ काम झाले आहे. आपल्याकडे डालगे घरोघर आहे, ते फक्त कोंबडी झाकण्यासाठी वापरले जाते.

या पुस्तकात नफ्याचे तक्ते नाहीत आणि हजार पक्ष्यांच्या शेडचे नकाशे नाहीत. ते इतरत्र मुबलक आहेत. इथे दहा ते तीस कोंबड्या, दोन ते पाच शेळ्या असलेले घर नजरेसमोर ठेवले आहे, आणि आश्विनापासून माघापर्यंतचा काळ. प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याच्या घरी आज कोंबडी खुडूक बसली आहे त्याने उबवणीपासून सुरुवात करावी, ज्याची शेळी आठ दिवसांत व्यायची आहे त्याने थेट करडांचा भाग काढावा. लेखनात जिथे पारंपरिक रीत आणि शास्त्र जुळते तिथे तसे सांगितले आहे, आणि जिथे जुळत नाही तिथे रीत सोडायला सांगताना कारण दिले आहे, हे मला विशेष आवडले. शेवटी दिलेल्या कोऱ्या नोंदपानांत अंडी किती ठेवली, पोचट किती, निघाली किती, मेली कोणत्या दिवशी आणि कशाने, असे रकाने आहेत. पहिल्या हिवाळ्यात ती पाने भरायचा कंटाळा येईल. तरी ती भरावीत. पिल्ले तिसऱ्या दिवशी मरतात की तिसऱ्या आठवड्यात, एवढे एक कळले तरी पुढच्या वर्षी काळजी उबेची करायची, लसीची की मुंगसाची, हे ठरवता येते.